टेक्नो आणि सिंथवेव्ह करण्यासाठी व्हायटल, सीरम, डिवा आणि सर्ज एक्सटी यांपैकी कोणता सॉफ्टवेअर सिंथ (संगणकावरचा सिंथेसायझर) घ्यावा? रेकॉर्डिंगसाठी रीपर वापरतो, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

सध्या पैसे खर्च करू नका. व्हायटलची मोफत आवृत्ती उतरवा आणि त्यावर रिकाम्या पॅचपासून (पॅच म्हणजे सिंथच्या नॉबची एक मांडणी) बेस, पॅड (लांबणारा, पसरट नाद) आणि लीड (मुख्य धून) असे तीन आवाज स्वतः बांधा. त्या कामात कुठे अडतं ते कळलं, की पुढचा सिंथ कोणता हा प्रश्न बराचसा सुटलेला असेल.

प्रीसेट, म्हणजे सिंथबरोबर येणारे तयार आवाज, ऐकून सिंथ निवडू नका. बहुतेक प्रीसेटवर रिव्हर्ब, डिले आणि मल्टिबँड कंप्रेसर चढवलेला असतो आणि आवाजाची पातळीही वर ठेवलेली असते. कानाला जे भव्य वाटतं त्यात लहर निर्माण करणारा ऑसिलेटर आणि तिचा नाद छाटणारा फिल्टर यांचा वाटा थोडाच असतो. तुलना करायची तर दोन्ही सिंथमध्ये इनिट (रिकामा) पॅच उघडा, सगळे इफेक्ट बंद करा, एकच सॉ-वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) घ्या, २४ डीबीचा लो-पास (वरच्या कंप्रता छाटणारा फिल्टर) लावा आणि ट्रॅकच्या मीटरवर दोघांची पातळी सारखी करा. एक-दोन डीबी जास्त असलेला सिंथ कानाला नेहमी चांगलाच वाटतो.

आता दोन गोष्टी ऐका. रेझोनन्स (छाटणीच्या काठावर दिलेला जोर) ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून कटऑफ (छाटणी जिथून सुरू होते ती जागा) अगदी सावकाश वरून खाली आणा. इथे सिंथचा स्वभाव कळतो: काहींचा बेस रेझोनन्स वाढवला की पातळ होतो, काही शिट्टी मारतात, काही गुरगुरतात. मग फिल्टर उघडा ठेवून सर्वात वरच्या दोन सप्तकांत पिच बेंड फिरवा. सूर वर जात असताना मागे उलट्या दिशेने सरकणारे बेसूर आवाज आले, तर ते एलियासिंग, डिजिटल आवाजातला एक दोष. व्हायटलमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाची जास्त बारीक गणना) वाढवून ते कमी होतं, पण सीपीयूचा भार वाढतो.

व्हायटल आणि सीरम मुळात वेव्हटेबल सिंथ. वेव्हटेबल म्हणजे एकापाठोपाठ ठेवलेल्या लहरींचा संच; सीरममध्ये एका टेबलात २५६ पर्यंत फ्रेम बसतात आणि प्रत्येक फ्रेम २०४८ सॅम्पलची. त्या फ्रेममधून सरकत गेलं की नादाचा पोत बदलतो. टेक्नोतले धातूसारखे, बोलल्यासारखे, सतत रूप बदलणारे आवाज इथे सहज मिळतात. व्हायटलच्या मोफत आवृत्तीत इंजिन पूर्ण आहे, कमी आहेत ते प्रीसेट आणि वेव्हटेबल. त्यात ३ ऑसिलेटर आणि १ सॅम्पलर आहे. एन्व्हलप (प्रत्येक स्वराबरोबर एकदा होणारा चढउतार) किंवा एलएफओ (नॉब पुन्हापुन्हा हलवणारी संथ लहर) ओढून नॉबवर सोडला की जोडणी होते आणि काय हलतंय ते डोळ्यांना दिसतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. सीरम उत्तम आहे, पण व्हायटल हातात असताना पहिली खरेदी म्हणून मी तो सुचवणार नाही.

टेक्नोच्या बेसमध्ये हमखास घडणारी एक गोष्ट: सगळं बरोबर असूनही एक ठोका जोरदार येतो, पुढचा मवाळ. कारण फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठल्या बिंदूपासून सुरू होते ते. या दोन्ही सिंथमध्ये नवा स्वर सुरू होताना लहर कुठूनही सुरू होते, कारण रँडम फेज मुळातच पूर्ण ठेवलेली असते. पॅडला ते शोभतं. बेससाठी ती शून्य करा, युनिसन (एका स्वराच्या एकाच वेळी वाजणाऱ्या प्रती) १ ठेवा, म्हणजे प्रत्येक ठोका एकाच बिंदूपासून उठेल. मग दुसरा एन्व्हलप कटऑफवर सोडा: अटॅक (चढायचा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) २०० ते २५० मिलिसेकंद, सस्टेन (नंतर टिकणारी पातळी) शून्य. सुरुवातीला नको असलेली टिकटिक आली तर आवाजाच्या एन्व्हलपचा अटॅक २-३ मिलिसेकंदांवर न्या.

सिंथवेव्हचं गणित वेगळं. तिथे मूळ नाद १९८०च्या दशकातल्या ॲनालॉग वाद्यांचा. रोलंडच्या ज्युनो-६० या सिंथमध्ये एका स्वराला एकच ऑसिलेटर होता. त्याचा तो रुंद पॅड सॉ, सब (एक सप्तक खालचा जोड-नाद) आणि मुख्यतः कोरस (आवाज दुहेरी, डोलता करणारा इफेक्ट) यांतून येतो. म्हणून आधी व्हायटलमध्येच एक सॉ, एक सप्तक खाली स्क्वेअर आणि कोरस करून पाहा, बरंच अंतर कापलं जाईल. फिल्टर तरीही कोरडा वाटला, तर यू-ही कंपनीच्या डिवासाठी पैसे मोजायला हरकत नाही. तिच्या फिल्टरचा कटऑफ फिरवताना जो चिकट, जिवंत प्रतिसाद मिळतो त्यासाठीच ती घ्यायची. पण हा गुण सीपीयू खाऊन येतो. वाजवताना अचूकता ड्राफ्ट किंवा फास्टवर ठेवा, ऑफलाइन (गाणं फाइलमध्ये उतरवतानाची) अचूकता डिवाइनवर, आणि मल्टिकोरचं बटण चालू-बंद करून तुमच्या यंत्रावर काय परवडतं ते बघा. डिवाच्या डेमोत काही मिनिटांनी अधूनमधून हलकी चरचर मुद्दाम येते. ती ऐकून लॅपटॉप कमी पडतोय असं समजू नका.

सर्ज एक्सटी मोफत आणि ओपन सोर्स. आवाज भक्कम, ऑसिलेटरचे प्रकार भरपूर, सीपीयूवर हलका, पण नवख्याला पडदा गजबजलेला वाटतो. रागाच्या श्रुती हव्या असतील तर स्काला या सॉफ्टवेअरची एससीएल (स्वरांतरांची) फाइल त्यात थेट उघडते, व्हायटलमध्येही उघडते. मींडसाठी पिच बेंडची मर्यादा २ वरून १२ सेमीटोन करा. घंटा, काचेसारखे इलेक्ट्रिक पियानो वगैरेंसाठी डेक्सेड हा यामाहाच्या डीएक्स७ सिंथचा मोफत अवतार जवळ ठेवा.

आता लॅपटॉप. ८ जीबी पुरेसं आहे. सिंथ रॅमवर नाही, प्रोसेसरवर भार टाकतात. रॅम मोठ्या सॅम्पल लायब्रऱ्यांना लागते. भार कुठून येतो ते पाहा: २ ऑसिलेटर, प्रत्येकी १६ युनिसन, ६ स्वरांचा कॉर्ड, म्हणजे एका वेळी १९२ लहरी. रिलीज (स्वर सोडल्यावर विरायचा वेळ) ३ सेकंद असताना २ सेकंदांनी कॉर्ड बदलला, तर जुने स्वर विरायच्या आत नवे १९२ सुरू. युनिसन ७ केलं की हाच आकडा ८४ वर येतो, आणि रोलंडच्या जेपी-८००० वरचा मूळ सुपरसॉ सात सॉ-वेव्हचाच होता. कानाला फरक फारसा पडत नाही.

रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर उघडा, कोणता ट्रॅक किती खातो ते तिथे दिसतं. एकूण सीपीयू ३० टक्के दिसत असताना आवाज तुटतो, कारण एका सिंथचं काम साधारणपणे एकाच कोअरवर चालतं आणि तो कोअर भरलेला असतो. वाजवताना बफर (एका खेपेत हाताळले जाणारे सॅम्पल) १२८ किंवा २५६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. मिक्स करताना तो १०२४ करा. पॅड ठरला की ट्रॅक फ्रीझ करा. सिंथ बाजूला होतो, ऑडिओ राहतो, आणि बदल हवा असेल तर अनफ्रीझ करता येतं. रेकॉर्डिंग करताना चार्जर लावलेला ठेवा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतात.

डिवा घ्यायचं ठरलंच तर आधी डेमोवर तुमच्याच एखाद्या गाण्यातला पॅड आणि बेस बदलून बघा, तेही ड्रम वाजत असताना. एकट्याने सुंदर वाटणारा फिल्टर किक आणि हाय-हॅटच्या गर्दीत ऐकूच आला नाही, तर ते पैसे हेडफोनवर किंवा ऑडिओ इंटरफेसवर घाला.