पाचवा भाडेकरू, परवाना आणि तपासणी

प्रश्न : इंग्लंडमधील माझ्या दुमजली घरात चार विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात आणि स्वयंपाकघर एकच वापरतात. पाचवी लहान खोली भाड्याने दिल्यास काउन्सिलचा (स्थानिक नगरपालिकेचा) परवाना लागेल, असे एजंट म्हणतो. घर तीन मजली नसल्यामुळे तो लागत नाही, असे एका परिचितांचे मत आहे. खरे काय, आणि तपासणीत काय पाहतात?

उत्तर : एजंटचे म्हणणे बरोबर आहे. तीन मजल्यांची अट पूर्वी होती, परंतु १ ऑक्टोबर २०१८ पासून ती राहिलेली नाही; एकाच कुटुंबातील नसलेले पाच किंवा अधिक जण घरात राहून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामायिक वापरत असतील, तर परवाना सक्तीचा आहे. किंबहुना चार भाडेकरू असतानाही काही काउन्सिलांच्या स्वतंत्र योजनांनुसार परवाना लागतो, तेव्हा आजच्या स्थितीविषयीसुद्धा आपल्या काउन्सिलकडे आधी विचारणा करावी.

पाचव्या खोलीचे माप मात्र सर्वांत आधी घ्या. दहा वर्षांवरील एका व्यक्तीला झोपण्यासाठी किमान ६.५१ चौरस मीटर जागा लागते आणि ज्या भागात छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे, तो भाग या मापात धरला जात नाही. उतरत्या छपराखालची खोली डोळ्यांना पुरेशी वाटते आणि नेमकी येथेच अपुरी ठरते. खोली बसत नसेल, तर ती भाड्याने देण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

घर परवान्यायोग्य आहे की नाही, हे ठरवताना आणि परवाना मिळाल्यानंतरही काउन्सिलचे अधिकारी आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट, न्हाणीघरांची सोय आणि ओल यांसारख्या गोष्टी पाहतात. गॅसच्या उपकरणांची तपासणी दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून, तर विजेच्या जोडणीची किमान दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते. वस्तीच्या प्रत्येक मजल्यावर धुराची सूचना देणारा अलार्म हवा. आणि गॅसचा बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही २०२२ पासून बंधनकारक आहे. या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोका कळत नाही. म्हणून हा अलार्म केवळ तपासणीपुरता बसवू नये. भाडेकरार सुरू होण्याच्या दिवशी तो स्वतः वाजवून पाहावा. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे.

विनापरवाना घर चालवणे हा गुन्हा आहे. दंडाखेरीज, न्यायाधिकरणाकडे दाद मागून भाडेकरू दिलेले भाडेही परत मिळवू शकतात. रीतसर पूर्ण अर्ज दाखल असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत मालकाला त्या गुन्ह्यापासून कायदेशीर बचाव मिळतो. त्यामुळे पाचव्या विद्यार्थ्याला किल्ली देण्यापूर्वी अर्ज दाखल करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.