वजनाबरोबर हृदयही झिजते का?

प्रश्न : माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग असून केमोथेरपी चालू आहे. चार महिन्यांत त्यांचे वजन ६४ किलोवरून ५५ किलोवर आले. हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागते आणि स्वस्थ बसले असतानाही नाडी शंभराच्या आसपास असते. रक्तदाबाची गोळी सोडली तर हृदयाची तक्रार कधीच नव्हती. घरातले म्हणतात, खाणे वाढवले की अशक्तपणा जाईल. तसे होईल का?

उत्तर : नुसते खाणे वाढवून ही झीज भरून निघत नाही. कर्करोगात सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले, तर त्या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. तुमच्या वडिलांचे १४ टक्के घटले आहे. उपासमारीत शरीर चरबी खर्चून स्नायू शक्य तितके राखते, पण कॅकेक्सियात दाह वाढवणारी सायटोकाइन्स नावाची प्रथिने भूक मारतात आणि स्नायूंतील प्रथिने भराभर मोडू लागतात. हृदय हाही स्नायूच असल्याने तोही झिजू शकतो. मग एका ठोक्यात कमी रक्त ढकलले जाते आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते.

तरीही धाप लागण्याचे खापर लगेच झिजेवर फोडू नये. रक्तक्षय, छातीत साचलेले पाणी, जंतुसंसर्ग यांनीही हेच होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा धोका विशेष असतो. केमोथेरपीत फ्लुरोयुरॅसिल हे औषध चालू असेल, तर त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून छातीत दुखू शकते. म्हणून हिमोग्लोबिन, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांबद्दल या आठवड्यातच डॉक्टरांशी बोला. धाप एकाएकी वाढली, छातीत दुखले, भोवळ आली किंवा एकच पाय सुजला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्तदाबाची गोळीही दाखवा, कारण ६४ किलोच्या माणसाला बसवलेला डोस आता जास्त होत असेल, मात्र ती स्वतःहून बंद करू नका.

झिजलेल्या हृदयासाठी खास असे सिद्ध झालेले औषध अजून नाही, पण वेदना व मळमळ आटोक्यात आणणे आणि झेपेल तेवढी हालचाल यांचा उपयोग होतो. शौच तेलकट, चिकट होत असेल, तर जेवताना घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल अवश्य विचारा. याकडे फार दुर्लक्ष होते. ताटावर आग्रह मात्र करू नका. भूक आजाराने मारली आहे, त्यांच्या हट्टाने नव्हे. पायांवर किंवा पोटात पाणी साठू लागले, तर काट्यावर वजन वाढलेले दिसेल. त्यावर विसंबून राहू नका.