कॉर्नर कोणी मारला?

प्रिय बाळ,

तुझी रील पाहिली. तीनदा पाहिली, कारण घरातल्या तिघांनी वेगवेगळी पाठवली. गोल झकास! पण खाली तू विचारलंस, "सर, आता चॅनेल काढू का?" फोनवर मी नुसतं हो किंवा नाही म्हणालो असतो, म्हणून लिहायला बसलो.

जपानची कॅप्टन होमारे सावा, तिची ती क्लिप तुझ्या फोनमध्ये नक्की असेल. २०११ची महिला फुटबॉल वर्ल्ड कप फायनल, फ्रँकफुर्ट, ११७वं मिनिट. जपान अमेरिकेपेक्षा एका गोलनं मागे. मैदानाच्या कोपऱ्यातून कॉर्नर येतो आणि सावा नियर पोस्टला, म्हणजे गोलच्या जवळच्या खांबापाशी, धावत येऊन उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं बॉल वळवते. बरोबरी. पुढे पेनल्टीवर जपान जिंकलं, आणि त्यात सावाची पाळीच आली नाही. सामना संपला तेव्हा ट्विटरवर सेकंदाला ७,१९६ ट्विट पडत होते. तोवर एवढे कधीच पडले नव्हते. पाच महिन्यांनी जपानमध्ये टीव्हीवर एक जुना ॲनिमेशनपट लागला. त्यातला एक मंत्र लोकांनी एकाच वेळी टाइप केला आणि आकडा गेला २५,०८८वर. फुटबॉलचा आकडा कुठच्या कुठे मागे पडला.

सावानं २०१५च्या डिसेंबरात बूट उतरवले, क्लिप अजून फिरतेय. पण बहुतेक वेळा ती बॉल हवेत असतानाच सुरू होते. कॉर्नर मारणारी अया मियामा त्यात दिसत नाही. त्याआधी ८१व्या मिनिटाला पहिली बरोबरीही तिनंच साधली होती. जिंकल्यावर बाकीच्या नाचत असताना ही आधी अमेरिकेच्या मुलींपाशी गेली. मला विचारशील तर त्या संध्याकाळची माझी खेळाडू तीच.

आणि सावा? १९९३ साली पंधराव्या वर्षी देशाकडून पहिल्याच सामन्यात चार गोल. मग कॉलेज सोडून अमेरिकेला गेली. तिथली लीग २००३मध्ये बंद पडली, तशी घरी परतली. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राँझच्या सामन्याआधी तिनं सहकाऱ्यांना सांगितलं होतं, कठीण वाटलं की माझ्या पाठीकडे बघा. तो सामना जपान ०-२ हरलं. फ्रँकफुर्टला पोचली तेव्हा तिचा पाचवा वर्ल्ड कप चालू होता. अठरा वर्षं झाली होती, बाळ.

तिच्या शेवटच्या सामन्याचीही क्लिप शोध. २७ डिसेंबर २०१५, जपानमधल्या महिला संघांच्या एम्प्रेस कपची फायनल, वय ३७. सामन्यातला एकमेव गोल तिचा, आणि तोही कॉर्नरवरच, डोक्यानं. ही मला अजून एकानंही फॉरवर्ड केलेली नाही. बघताना बॉल सोड, तिच्यावर नजर ठेव. ती हलायला कधी लागते ते बघ.

चॅनेल काढ, माझी ना नाही. फक्त सामन्याच्या आदल्या रात्री कमेंट वाचायच्या नाहीत. माझ्या वेळी फोन नव्हते, पण गल्लीतली कौतुकं होती. त्यांच्या नादात मी एक अख्खा सीझन घालवलाय.

आणखी एक. तुझ्या रीलमध्ये तुला कॉर्नर मारणारी पोरगी कापली गेलीय. एक हात तेवढा दिसतो, मनगटाला पिवळी पट्टी. ती रील तिनंही पाहिलीच असणार. रविवारी सहाला मैदानावर ये, तिलाही बोलावलंय. गोल ती करेल, कॉर्नर तू मारायचेस.

तुझे सर