पाइप उरतो आणि रॉड संपतात

प्रश्न: दादा नमस्कार, माझं सावंतवाडीजवळ छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मी आणि दोन पोरं, ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड असली कामं. माल कोल्हापूरहून येतो. दरवेळी काम ऐन रंगात आलं की कटिंग व्हील, म्हणजे लोखंड कापायच्या चकत्या, संपतात नाहीतर वेल्डिंगचे रॉड, मग पोराला गाडीवरून बाजारात पिटाळायचं आणि मिळेल त्या भावात आणायचं. दुसरीकडे पाइपाचे तुकडे एवढे साठलेत की पाय ठेवायला जागा नाही. पुतण्या म्हणतो सॉफ्टवेअर टाकूया. टाकू का?

उत्तर: आत्ता नको. तीन माणसांत नोंद करणार कोण? आठ दिवस हौसेने करतील, मग कॉम्प्युटर म्हणणार दहा पाकिटं आहेत आणि कपाटात असणार एक.

तुमच्याकडे दोन जातीचा माल आहे आणि तुम्ही दोन्हीला एकच नियम लावताय. रॉड, व्हील, प्रायमर, थिनर, बिजागऱ्या हे स्वस्त, पण नसले की काम ठप्प. यांचे दोन डबे करा, एक वापरातला आणि एक मागचा, मागच्याला चिकटपट्टी मारून ठेवा. पुढचा संपला म्हणून ज्याने पट्टी फोडली त्यानेच तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर तुम्हाला फोटो टाकायचा, तीच ऑर्डर. रोज मोजत बसायचं काम नाही. टोयोटाच्या कारखान्यातलं कानबान म्हणतात ते मुळात ह्याच धाटणीचं आहे. मागच्या डब्यात किती? दिवसाला ४ व्हील लागत असतील आणि माल यायला ३ दिवस, तर १२, वर सहाएक जास्तीची. मेअखेरीला मात्र हा आकडा दुप्पट करा, आंबोली घाटात दरड आली की ट्रान्सपोर्टवाल्याचा फोनसुद्धा लागत नाही. पण स्वस्त मिळाली म्हणून व्हीलची पेटीच उचलू नका. मधल्या पत्र्याच्या रिंगवर तारीख छापलेली असते, साधारण ३ वर्षांची, आणि दमट जागेत व्हील कमजोर होतं. फुटलं तर तोंडावर येतं.

पाइप, अँगल, पत्रा हा पैसे अडकवणारा माल, तो कामापुरताच घ्या आणि कटिंगची यादी आधी करा. आपण सगळे वीस फुटी म्हणतो पण पाइपाची ६ मीटरची अख्खी लेंथ म्हणजे १९ फूट ८ इंच, पाच-पाच फुटांचे चार तुकडे धरून माल मागवला की चौथा चार इंच कमी भरतो, वर प्रत्येक कटला व्हील थोडं खातं ते वेगळंच, आणि तुमच्या कोपऱ्यातला निम्मा ढीग असाच जमला असणार. आता फुटाच्या आतलं सरळ भंगारात घाला, बाकीचे तुकडे उभे लावून टोकाला मार्करने माप टाका, आणि नवी लेंथ कापण्याआधी तिथे बघायचंच असा पोरांना दम भरा.

गोल सळई वजनावर घेता ना? मग मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते निघतं. १२ ची सळई ६ मीटरला ५.३ किलोच्या आसपास भरायला पाहिजे. बिल जुळत नसेल तर उतरवतानाच बोला, ट्रक गेल्यावर कोण ऐकतंय.

प्रश्न: पावसात रॉड सादळतात, ठिणग्या उडतात, वेल्डला भोकं पडतात. उन्हात ठेवू का?

उत्तर: जुलैत ऊन आणणार कुठून! बंद पाकिटं जमिनीपासून वर ठेवा, फोडलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात. जुन्या लाकडी कपाटात पिवळा बल्ब पेटता ठेवतात तेही चालतं, फक्त एलईडी लावून उपयोग नाही, त्याला तेवढी उष्णता नसते. साधा ६०१३ नंबरचा रॉड भिजट वाटला तर १०० डिग्रीच्या आसपास तासभर सुकवला की बहुतेक वेळा कामाला येतो. ७०१८ नंबरच्या रॉडला ह्याच्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं, पाकिटावर दिलेलं असतं तेच पाळा. रॉडवरचं कोटिंग पोपडे धरून सुटत असेल किंवा आतल्या तारेला गंज दिसला तर सुकवत बसू नका, टाकून द्या.