लहानपणी हॅलोविनच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या कोणत्या खोड्या काढल्या?

मी न्यू जर्सीत, एडिसनला वाढलो, म्हणून तिथलंच सांगतो.

आमच्याकडे खोड्यांची रात्र हॅलोविनची नव्हतीच. 31 ऑक्टोबरला सोंगं घेऊन शहाण्यासारखं दारोदार चॉकलेटं मागायची. सगळे उपद्व्याप आदल्या रात्री, 30 तारखेला. आम्ही तिला 'मिसचिफ नाइट' म्हणायचो, राज्याच्या उत्तरेकडच्या बर्गन काउंटीतली पोरं 'कॅबेज नाइट'. डेट्रॉइटमध्ये ती 'डेव्हिल्स नाइट' होती आणि तिथे हे फार भयंकर थराला गेलं होतं. 1984 साली आठशेहून जास्त आगी लागल्या होत्या.

आमचं टोळकं बेल वाजवून पळायचं, गाड्यांच्या काचांवर साबणाच्या वडीने रेघोट्या ओढायचं. सगळ्यात आवडतं काम म्हणजे टॉयलेट पेपर. रोलचं एक टोक धरून तो मेपलच्या शेंड्यावरून भिरकावायचा. पांढरी पट्टी फांद्यांवरून हळूहळू उलगडत खाली येते ना, ते रस्त्यावरच्या दिव्यात इतकं सुंदर दिसायचं की आम्ही पळायचंच विसरायचो. रात्री पाऊस पडला, की मात्र त्याचा लगदा होऊन सालीला चिकटायचा आणि घरमालकाचे हाल व्हायचे.

1987 साली 30 तारीख शुक्रवारी आली. घड्याळं आधीच्याच रविवारी एक तास मागे गेली होती, त्यामुळे साडेपाचलाच काळोख. कुणीतरी घरातून डझनभर अंडी आणली होती. त्यातलं एक मी समोरच्या आजोबांच्या गाडीवर फेकलं. ते एकटे राहायचे, आणि बर्फ पडला की आमच्या दारातलाही काढून टाकायचे.

सकाळी बाबांना कळलं. बोनेटवर अंडं वाळून घट्ट बसलं होतं. कोमट पाण्याच्या फडक्याने ते भिजवत, खरवडू न देता, बाबांनी माझ्याकडून तासभर पुसून घेतलं. मी रडवेला होऊन म्हणालो, "तुम्हीच सांगता ना, चिपळूणला शिमग्यात तुम्ही लोकांची लाकडं चोरायचात?"

बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "चोरायचो. एकदा तर शेजारच्या काकांचा बाक होळीत घातला. पण होळी पेटली तेव्हा काका आमच्या शेजारीच उभे होते. आधी आम्हाला शिव्या घातल्या, मग आमच्याबरोबर बोंब मारली. काल रात्री हे आजोबा कुठे होते?"

मला उत्तर देता आलं नाही. मग बाबांनी मला त्यांच्या दारात नेलं आणि मी माफी मागितली. त्यांनी फक्त मान हलवली. संध्याकाळी सोंग घेऊन गेलो, तेव्हा इतर पोरांसारखीच माझ्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकली.

अंडं निघालं, पण रंगावर तळहाताएवढा फिकट डाग राहिलाच. ती गाडी त्यांनी पुढे चार वर्षं चालवली. शाळेच्या बसची वाट बघत मी उभा राहायचो, ती जागा बरोब्बर त्या बोनेटसमोर होती.