अल डेव्हिसला अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढं का मानतात आणि त्याला एवढ्या शिव्या का घालतात?

तुम्ही विचारलंय की रेडर्स संघाचा मालक अल डेव्हिस हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत आहे, तरी संघाच्या गावची, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची माणसं त्याचं नाव काढलं की चिडतात, मग यातलं खरं काय धरायचं. दोन्ही धरा. मी रेडर्सचा चाहता नाही. खेळापेक्षा खेळामागचे कोर्टकज्जे वाचायची मला जास्त खोड आहे, त्यामुळे माझं उत्तर तिकडे झुकलेलं असणार. माझ्या मते डेव्हिसने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा त्याने जिंकलेल्या एका खटल्याने अमेरिकन खेळ जास्त बदलला.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. 1962 मध्ये 14 पैकी 13 सामने हरलेल्या ओकलंड रेडर्सने 1963 मध्ये या तिशीतल्या प्रशिक्षकाच्या हाती संघ दिला आणि त्याच वर्षी संघाने 10 सामने जिंकले. रेडर्स तेव्हा एएफएल या नव्या लीगमध्ये होते. 1966 मध्ये डेव्हिस तिचा आयुक्त, म्हणजे प्रमुख झाला आणि त्याने थेट एनएफएल या जुन्या, प्रतिस्पर्धी लीगचे क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारे खेळाडू, फोडायला सुरुवात केली. त्याला लढाई जिंकायची होती. पण दोन्ही लीगमधल्या संघमालकांनी त्याच्या पाठीमागे बोलणी करून विलीनीकरण ठरवलं आणि संयुक्त लीगचा आयुक्त एनएफएलचा पीट रोझेल झाला. डेव्हिस छोटा भागीदार म्हणून रेडर्सकडे परतला, मनात डूख धरूनच.

तो मालक कसा बनला तेही ऐकण्यासारखं आहे. 1972 मध्ये मुख्य भागीदार वेन व्हॅली म्युनिक ऑलिंपिकला गेलेला असताना डेव्हिसने भागीदारीचा नवा करार लिहून घेतला आणि दुसऱ्या भागीदाराची त्यावर सही घेतली. व्हॅली परत आला तोवर संघाची सगळी सूत्रं डेव्हिसकडे गेली होती. व्हॅली कोर्टात गेला, हरला, आणि काही वर्षांनी हिस्सा विकून मोकळा झाला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. डेव्हिसचं उलट होतं, कोर्टात तो जास्तच खुलायचा.

1980 मध्ये त्याला ओकलंडच्या स्टेडियममध्ये श्रीमंत प्रेक्षकांसाठी खास कक्ष हवे होते. बोलणी फिसकटली, म्हणून त्याने संघ लॉस एंजेलिसला नेतो असं जाहीर केलं. लीगच्या नियमाप्रमाणे त्यासाठी तीन चतुर्थांश मालकांची संमती लागायची. मतदान झालं: विरोधात 22, बाजूने शून्य, पाच तटस्थ. डेव्हिसने या नियमालाच आव्हान दिलं. मालकांनी एकत्र येऊन एखाद्याचा धंदा अडवणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. खटला चालू असतानाच जानेवारी 1981 मध्ये रेडर्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला आणि न्यू ऑर्लिन्समध्ये चषक द्यायला समोर कोण, तर रोझेल! पुढच्या वर्षी ज्युरीने डेव्हिसच्या बाजूने कौल दिला आणि त्याच हंगामात संघ लॉस एंजेलिसमध्ये खेळायला लागला.

ओकलंडनेही अजब डाव टाकला. रस्त्यासाठी, धरणासाठी सरकार जशी जमीन ताब्यात घेतं, तसा हा फुटबॉल संघच भरपाई देऊन संपादित करू द्या, अशी मागणी शहराने कोर्टात केली. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ती तत्त्वतः फेटाळली नाही. शहर पुढे हरलं, पण तोवर इतर मालकांना धडा मिळाला होता. मार्च 1984 मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने बाल्टिमोर कोल्ट्स हा संघ संपादित करण्याची वाट मोकळी करायला घेतली. मालक रॉबर्ट अर्सेने रातोरात सामान हलवणाऱ्या मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक बोलावले, बर्फ पडत असताना हेल्मेटांपासून कागदपत्रांपर्यंत सगळं भरलं आणि संघ इंडियानापोलिसला पळवला. लीगने अडवलं नाही. अडवणार कशी? डेव्हिसकडून नुकतेच हात पोळून घेतले होते. मग कार्डिनल्स, रॅम्स, ब्राउन्स असे एकेक संघ गावं बदलत गेले. स्टेडियम बांधून द्या, नाहीतर चाललो, ही धमकी आधीही द्यायचे, पण आता तिला कोर्टाचं बळ होतं.

डेव्हिसने ही धमकी पुन्हा वापरली. खडीच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या अर्विंडेल या चिमुकल्या शहराने 1987 मध्ये स्टेडियमच्या आशेने त्याला 1 कोटी डॉलर आगाऊ दिले. स्टेडियम झालं नाही, पैसे परत मिळणार नव्हतेच. 1995 मध्ये तो ओकलंडला परतला, तेव्हा शहराने आणि काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) कर्ज काढून त्याच्यासाठी स्टेडियमवर आसनांचा प्रचंड मजला चढवला. त्याने मागच्या टेकड्याच दिसेनाशा झाल्या. लोकांनी त्याला नाव दिलं ‘माउंट डेव्हिस’. पुढे त्यातला बराचसा भाग भरेना म्हणून ताडपत्रीने झाकावा लागला.

आता एवढं वाचून तुम्हाला तो निव्वळ लबाड वाटेल, तर थांबा. 1963 मध्ये अलाबामातल्या मोबिल शहरात सराव सामना होता, जिथे प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळं बसवलं जायचं. डेव्हिसने तिथे खेळायला नकार दिला. 1979 मध्ये त्याने टॉम फ्लोरेसला मुख्य प्रशिक्षक केलं, जो सुपर बोल जिंकणारा पहिला लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचा) प्रशिक्षक ठरला, तोही दोनदा. 1989 मध्ये आर्ट शेल आला, 1920 च्या दशकानंतरचा एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. या पदासाठी अल्पसंख्याक उमेदवाराची निदान मुलाखत घ्याच, असा नियम करायला लीगला 2003 उजाडलं. 1997 पासून संघाचा कारभार मुख्याधिकारी म्हणून एमी ट्रास्क ही बाई बघत होती. या सगळ्याचा त्याने कधी डांगोरा पिटला नाही. चार लोक काय म्हणतील याची पर्वाच नसलेल्या माणसाला हे जमलं, आणि ओकलंडला वाऱ्यावर सोडणंही त्याच माणसाला जमलं. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

मात्र ही पर्वा नसणं शेवटी संघाला भोवलं. सुपर बोल गाजवलेल्या मार्कस ॲलन या खेळाडूला त्याने काही वर्षं बाकावर बसवलं. का, ते आजतागायत धड कुणाला कळलेलं नाही. 2003 पासून सलग सात हंगामांत संघ किमान 11 सामने हरला. 2008 मध्ये प्रशिक्षक लेन किफिनला काढताना तर या म्हाताऱ्याने पत्रकारांसमोर ओव्हरहेड प्रोजेक्टर लावून त्याला लिहिलेलं पत्र भिंतीवर दाखवलं. हसावं की रडावं!

ऑक्टोबर 2011 मध्ये तो गेला आणि संघ मुलाकडे, मार्ककडे आला. मार्कने 2017 मध्ये लास वेगसला जायची परवानगी मागितली. लास वेगस ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने स्टेडियमसाठी हॉटेलांवरच्या करातून 75 कोटी डॉलर कबूल केले होते. बापाला एकही मत न देणाऱ्या मालकांनी मुलाच्या बाजूने 31 विरुद्ध 1 असा कौल दिला, कोर्टात जायची वेळच आली नाही. माउंट डेव्हिसचं कर्ज तेव्हा ओकलंडकर अजून फेडतच होते. विरोधातलं ते एक मत होतं मायामीच्या संघाचा मालक स्टीफन रॉस याचं. ज्या गावाने आपल्याला साथ दिली तिथे राहण्यासाठी मालकांनी आधी सगळे उपाय करून बघायला हवेत, असं त्याचं म्हणणं पडलं.