सेकंड हँड फोर बाय फोरच्या डिफ आणि ट्रान्सफर केसचं ऑइल घरी बदलता येतं का, आणि तिन्हीकडे एकच ऑइल चालतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं बहुतेक वेळा नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी ८०,००० किमी चाललेली घेतली, इंजिन ऑइलची बिलं सगळी आहेत पण डिफरन्शियल (डिफ, म्हणजे एक्सलच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला देणारा डबा) यांच्या ऑइलची कुठेच नोंद नाही, आणि पुढचा डिफ, मागचा डिफ, ट्रान्सफर केस तिन्हीत ८० डब्ल्यू ९० (हा गिअर ऑइलच्या जाडीचा ग्रेड) चा एकच कॅन ओतून मोकळं व्हावं का असं विचारताय. नोंद नसेल तर बदललेलंच नाही असं धरून चला. आणि माझं खरं सांगणं असं की नवीन ऑइल भरणं हे यातलं सोपं काम आहे, जुनं बाहेर येईल ते नीट बघणं हे महत्त्वाचं, कारण हे तीन डबे एरवी कोणी उघडत नाही आणि आत काय चाललंय ते सांगणारं दुसरं काहीच तुमच्या हातात नसतं. बरेच जण ट्रे लावतात, ऑइल काढतात आणि सरळ टाकून देतात, तसं करू नका.

आधी ऑइलचं. डिफमध्ये क्राऊन (मोठं चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) हे हायपॉइड गिअर असतात, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न बसता थोडा खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर घासत सरकतात, आणि त्या दाबाखाली साधी ऑइलची फिल्म टिकतच नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसचे एक्स्ट्रीम प्रेशर अॅडिटिव्ह घातलेले असतात, ते गरम झालेल्या धातूवर संरक्षक थर तयार करतात. जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) म्हणतात ते हेच, आणि त्याचा तो उग्र वास म्हणजे गंधकाचाच, ऑइल खराब झाल्याचा नाही. जीएल-४ मध्ये हे अॅडिटिव्ह साधारण निम्मे असतात, त्यामुळे जिथे जीएल-५ सांगितलंय तिथे जीएल-४ चालत नाही. उलटं पण तितकंच खरं, मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) असतात आणि काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक त्या पिवळ्या धातूला खातं, म्हणून जिथे जीएल-४ लिहिलंय तिथे जीएल-५ 'जास्त भारी' म्हणून घालायचं नाही.

ट्रान्सफर केसचं मात्र काहीच ठरलेलं नाही. काहींमध्ये ७५ डब्ल्यू ९० गिअर ऑइल जातं, चेनवाल्या बऱ्याच केसेसमध्ये एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल जातं, आणि ज्यात ऑटो मोड असतो, म्हणजे आत क्लच प्लेट्स असतात आणि कॉम्प्युटर त्या दाबतो, त्यांना कंपनीने सांगितलेलं खास फ्लुइडच लागतं, दुसरं घातलं तर वळताना गाडी थरथरायला लागते. त्यामुळे तिथे अंदाज नको, मॅन्युअलच उघडा. आधीच्या मालकाने काय घातलं होतं यावरून ठरवू नका, कारण त्याने पण चुकीचं घातलेलं असू शकतं.

८० डब्ल्यू ९० की ७५ डब्ल्यू ९०? गरम झाल्यावर दोन्ही ९०च आहेत, फरक थंडीतला, ७५ वालं गारठ्यात लवकर वाहतं. आणि ९० हा आकडा बघून ते इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट जाड असेल असं वाटतं पण दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे, १०० डिग्रीला ९० चं गिअर ऑइल हे साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. मागे लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) असेल आणि तो क्लच प्लेटचा असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण सांभाळणारं अॅडिटिव्ह) लागतो, नाहीतर हळू वळताना मागून कटकट-खडखड येते. काही बाटल्यांत तो आधीच घातलेला असतो, लेबल वाचा आणि वरून दुप्पट घालू नका.

आता कामाचं. गाडी सपाट जागेवर पाहिजे, अगदी सपाट. फोर बाय फोरला उंची असते, बऱ्याच गाड्यांखाली जॅक न लावता झोपून जाता येतं आणि तसं जमत असेल तर तेच उत्तम, लेव्हल पण बरोबर मिळते. उचलायचीच झाली तर चारही बाजूंनी सारखी उचला आणि जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. आणि एक गोष्ट जी लोकांना खरंच माहीत नसते, काही गाड्यांत, जुनी लँड रोव्हर डिफेंडर घ्या, हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक हवेत उचललं की डिफमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी निघते. खाली माणूस असताना. त्यामुळे चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय खाली जायचंच नाही, गाडी कुठलीही असो.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, कोमट ऑइल पटकन आणि सगळी घाण घेऊन बाहेर येतं.

मग फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) आधी उघडायचा. ड्रेन (खालचं, ऑइल काढायचं बूच) नंतर. दर वेळी, तिन्ही ठिकाणी. कारण फिलर वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नसतो, गंजून बसलेला असतो, आणि तुम्ही खालून सगळं ऑइल काढून टाकलं आणि वरचा प्लग निघालाच नाही तर गाडी जिथे आहे तिथेच अडकली, मेकॅनिककडे चालवत नेता येत नाही. काही गाड्यांत प्लगला २४ चा सॉकेट लागतो, काहींत १० ची एलन की, काहींत चौकोनी खाच असते ज्यात अर्ध्या इंचाच्या रॅचेटचं टोक सरळ बसतं. एलन कीवाला असेल तर खाचेत भरलेली माती आधी टोकदार काहीतरी घेऊन कोरून काढा, की हातोडीने हलकं ठोकून पूर्ण खोल बसवा आणि मगच जोर लावा, अर्धवट बसलेली की फिरली की खाच गोल होते आणि मग वेल्डिंगवाल्याशिवाय इलाज नाही. फारच जाम असेल तर रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि सकाळी लांब टॉमीने (पान्याला लावायच्या दांड्याने) झटका द्या. सगळ्या प्लगच्या भोवतीची जागा पण ब्रशने साफ करून घ्या, माती आत पडली की ती बेअरिंगमध्येच जाते.

ड्रेन उघडला की ऑइल एका स्वच्छ ट्रेमध्ये घ्या, प्रत्येक डब्याचं वेगळं. तीन वेगळ्या बाटल्यांत ओतून मोजा. हे मोजणं मी कधीच सोडत नाही. ट्रान्सफर केसमधून मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा जास्त ऑइल निघालं तर कोणी जास्त भरलेलं असेल किंवा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधलं सील गेलेलं असेल, आणि सील गेलेलं असेल तर तेवढंच ऑइल तिकडे गिअरबॉक्समध्ये कमी आहे. अशा वेळी गाडी चालू करायच्या आधी गिअरबॉक्सची लेव्हल बघा. बाहेरून एक थेंब गळत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा होत जातो, म्हणून हे कळायला मोजमाप हाच मार्ग. पुढचा सॉलिड एक्सल असेल आणि पुढच्या डिफमधून कमी निघालं, तर चाकाजवळच्या नकलकडे (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या सांध्याकडे) बघा, आतलं सील गेलं की डिफचं ऑइल नकलमधल्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि तिथून पातळ काळं गळायला लागतं.

मग रंग. काळं झालेलं म्हणजे नुसतं जुनं, त्यात काही नाही. दुधाळ, फिकट तपकिरी असेल तर पाणी गेलंय. ते जातं कसं बघा, डिफ चालून गरम झालेला असतो, तो ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरचं ओढून घेते, ब्रीदर (डिफमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड) पाण्याखाली असला तर ब्रीदरमधून, तुंबलेला असला तर सीलमधून. त्यामुळे ब्रीदर बघितल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. एक्सलच्या वर छोटी टोपी किंवा नळी असते, ती काढून फुंकर मारून बघा. तुंबलेल्या ब्रीदरचं दुसरं टोक असं की गरम झाल्यावर आत दाब वाढतो आणि ऑइल पिनियन सीलमधून बाहेर येतं, लोक सील बदलतात, ते पण गळतं, आणि दोष सगळा त्या टोपीचा असतो. पाण्यातून नेहमी जाणार असाल तर ब्रीदरची नळी वाढवून बॉनेटच्या आत उंचावर नेऊन ठेवा.

मग ड्रेन प्लगचं मॅग्नेट, हा माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग. त्याच्यावर काळी-करडी पेस्ट चिकटलेली असते. पुसायच्या आधी ती अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळा. काजळासारखी गुळगुळीत लागली तर निश्चिंत राहा, ८०,००० किमीमध्ये तेवढं झिजणारच, भरपूर दिसली तरी घाबरायचं नाही. बोटाला खरखर लागली, सुईसारखे बारीक तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा दातांची झीज सुरू झालीय, ऑइल बदला पण मग ५,००० किमीला परत उघडून बघा. आणि नखाएवढा चकचकीत तुकडा निघाला, एका बाजूने दाताचा आकार ओळखू येतोय, तर नवीन ऑइल घालून ती गाडी लांब न्यायची नाही, डिफ उघडावा लागणार. ट्रान्सफर केसच्या ऑइलमध्ये पिवळे कण चमकत असतील तर ते पितळेचे किंवा कांस्याचे आहेत, मॅग्नेटला लागत नाहीत, म्हणून ऑइल उन्हात धरून बघायचं.

काही एक्सलना ड्रेन प्लगच नसतो, मागचं कव्हर काढावं लागतं. तेव्हा कव्हरचे खालचे बोल्ट आधी काढा आणि वरचे दोन सैल करून ठेवा, म्हणजे ऑइल खालून येईल, तोंडावर नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, नवीन लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि मगच ऑइल भरा. मेहनत जास्त आहे पण क्राऊनचे दात डोळ्यांनी बघायला मिळतात, मला तर हेच बरं वाटतं. पंपाने फिलरमधून ओढून पण काढता येतं, पण तळाची घाण तळाशीच राहते.

भरायचं हँडपंपने. ऑइल जाड वाटलं तर बाटली थोडा वेळ गरम पाण्यात उभी करा. फिलरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की थांबा आणि धार बारीक होऊन थेंबांवर आली की प्लग लावा. काही गाड्यांत लेव्हल भोकाच्या थोडी खाली ठेवायला सांगितलेली असते, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा, बोट वाकवून आत घातलं की कळतं. जास्त भरून फायदा नाही, फेस होतो, गरम होतं आणि सीलवर जोर येतो. वॉशर नवीन टाका. ट्रान्सफर केसची बॉडी बहुतेक अॅल्युमिनियमची असते, तिथे लांब टॉमी वापरून आवळलं की आटे जातात, म्हणून टॉर्क रेंच लावून मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळा. वॉशर नसलेला निमुळता प्लग असेल तर आट्यांना सीलंट लावून बेताने, तो पाचरीसारखा काम करतो, जोर दिला तर बॉडीलाच तडा जातो.

मग एक फेरी मारा, कच्च्या रस्त्यावर फोर एचमध्ये (फोर व्हील ड्राइव्ह, हाय रेंज) थोडं चालवा, पार्ट टाइमवाली (गरज असेल तेव्हाच फोर व्हील लावायची) गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर एचमध्ये चालवू नका, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात. लिमिटेड स्लिप असेल तर मोकळ्या जागेत हळूहळू आठच्या आकड्यात फिरवा म्हणजे ऑइल प्लेटमध्ये शिरतं. परत येऊन सगळे प्लग हाताने चाचपून बघा, ओलं नाही ना. काढलेलं ऑइल बंद कॅनमध्ये भरून जिथे वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथेच द्या, गटारात किंवा मातीत नको, कूलंट वगैरे त्यात मिसळू नका.

पुढचा डिफ फोर व्हील लावतच नाही तर सोडून देऊ का, असं शेवटी विचारलंय. नका सोडू. कमी फिरतो म्हणून झीज कमी, पण पाणी आणि दमटपणा ब्रीदरमधून त्याच्यातही तसाच जातो, आणि नकलचं सील गेलेलं असेल तर ते कळायची हीच वेळ. पुढच्या वेळा मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच गाड्यांत ४०,००० ते ५०,००० च्या आसपास असतं आणि चिखल, ओझं, टोइंग असेल तर निम्म्यावर आणा, पण एक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात फिलर उघडून ऑइलचा रंग बघा.

गाडीचं मॉडेल लिहा, आणि मॅग्नेटचा पुसायच्या आधीचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.